फुंकर मारू नये

आमच्या कणकवलीतून मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या सामानात काय असतं, हे कुणाला सांगायला नको. तांदूळ, कोकमाची सोलं, कुळथाची पिठी, सुके बांगडे, आणि कुणीतरी कुणासाठी तरी दिलेली एक पिशवी, जिच्यात काय आहे ते आपण विचारायचं नसतं. मी मात्र यंदा दिवाळी झाल्यावर गेले ती गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. बसचा क्लीनर म्हणाला, खाली डिकीत टाकतो. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो परत विचारायला आला नाही.

आल्यापासून जो तो विचारतोय, मुंबईत काय काय पाहिलंस? समुद्र पाहिला नाही, तो आपल्याकडे आहे. मोठमोठ्या इमारती लांबून दिसल्या. मी पाहिलं ते भांडुप, घाटकोपर, अंधेरी आणि मुलुंड. त्यात बघण्यासारखं काय असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

पण आधी कॉम्प्युटरचं सांगायला हवं, नाहीतर मी वेडी ठरेन. मी लग्नपत्रिका करते. मजकूर जुळवायचा, चित्र काढायचं, छापून द्यायचं. लोकांच्या हातात मोबाईल आले, तरी पहिली पत्रिका देवापुढे ठेवायला कागदाचीच लागते, म्हणून माझं पोट चाललं आहे. ज्या कॉम्प्युटरवर मी हे शिकले त्याच्यावरच आजही करते. जाडजूड, एके काळी पांढरा असलेला, आता ताकासारखा पिवळट. त्यातलं मराठीचं सॉफ्टवेअर एका लॉकवर चालतं. लॉक म्हणजे काडेपेटीएवढा निळा तुकडा, कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचा. तो खोचला नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. त्या काळी फार महाग पडला होता, म्हणून काम आटोपलं की मी तो रोज काढून जपून ठेवते.

आता माझी एक पद्धत. एका घराला एक गणपती. पहिल्या मुलीच्या पत्रिकेवर मी जो गणपती काढेन, तोच त्या घरातल्या पुढच्या सगळ्या लग्नांना, आणि दुसऱ्या कुणाच्या घराला तो द्यायचा नाही. माऊस धरून, एकेक रेघ ओढून काढलेले हे गणपती. प्रत्येकात त्या घराचं काहीतरी असतं. कुणाची विहीर, कुणाची होडी, एका घरचा तर म्हैस घेऊन बसलेला आहे. सगळे त्या कॉम्प्युटरच्या पोटात. त्या जुन्या सॉफ्टवेअरमधून चित्र कागदावर छापता येतं, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही.

नवरात्र संपलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला. म्हणाला, "ताई, आतली माहिती शाबूत आसा, पण मुख्य बोर्ड गेलो. असो बोर्ड आता खंयच मिळाचो नाय. नि नवीन कॉम्प्युटराक तुमचा लॉक खोचूची जागाच नसता."

त्याच आठवड्यात सावंतांची धाकटी, प्राची, तिच्या लग्नाची पत्रिका सांगायला आली. तिच्या दोन्ही थोरल्या बहिणींच्या पत्रिका मीच केलेल्या. पहिलीच्या वेळी तिचे वडील माझ्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले होते. "गणपतीच्या पाठसून आमचो माड काढा. दारातलो. तो असो डाव्या अंगाक वाकलेलो आसा." मी काढला. "अजून वाकवा," म्हणाले. मी अजून वाकवला. दुसऱ्या मुलीचं लग्न झालं आणि ते गेले. पुढल्या वादळात माडही पडला. घरातल्या पत्रिका माळ्यावर होत्या त्या वाळवीने खाल्ल्या. नातेवाईक लग्न झाल्यावर पत्रिका जपत नाहीत, आणि कॉम्प्युटरात आहे म्हणून मीही कागदी नमुना ठेवत नाही. प्राचीने टेबलावर हात ठेवून एवढंच विचारलं, "काकी, बाबांचो माड आसा मां तुमच्याकडे?"

मी हो म्हणून बसले होते. म्हणून मुंबई.

भांडुप

भांडुपला माझा मामेभाऊ विजू राहतो. त्याचे वडील गिरणीत होते, विजू एका कंपनीत हिशेब बघतो, आणि घरात अजून शुद्ध मालवणी चालतं. घर टेकडीवर आहे. रिक्षा अर्ध्या वाटेवर थांबते, पुढे पायऱ्या. आमच्याकडे पायऱ्या चढल्या की देऊळ येतं, इथे विजूचं घर येतं.

दार उघडताच तो गोधडीकडे बघून म्हणाला, "गो मंदे, कोणाक गुंडाळून हाडलंस?"

"कॉम्प्युटर आसा."

"आमका वाटला बांगडे."

त्याची बायको शुभावैनी आतून ओरडली, "बांगडे नाय हाडल्यान?" त्या घरात माझी पत थोडी घसरली ती तिथेच. बांगडे होते, पण गोधडीच्या खाली, आणि ते निघेपर्यंत दोघांनी मला पाणी विचारलं नाही. मग मात्र तिरफळं घालून केलेलं बांगड्यांचं तिखलं समोर आलं आणि मला वाटलं, आपण कणकवली सोडलीच नाही. फक्त सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सोलांवर शेजारणीने "ये क्या सुखाया है?" म्हणून विचारलं, तेव्हा लक्षात आलं की आपण मुंबईत आहोत.

विजूला माझा बेत पटला नव्हता. "नवो घे मगे. नि गणपती परत काढ. तुझो हात काय खंय गेलो?"

मी त्याला म्हटलं, गणपती काढीन रे, माड कसा काढू? किती वाकवायचा ते सांगणारा माणूस नाही आता. विजूने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, अंधेरीला एक दुकान आहे, त्याच्या हापिसातला एक जण जुने सुटे भाग तिथूनच आणतो.

अंधेरी

घाटकोपरला मेट्रोत शिरताना सामान यंत्रातून जातं. माझी गोधडी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर नजर ठेवून बसलेली मुलगी उठून उभी राहिली.

"मावशी, ह्यात काय आहे?"

"कॉम्प्युटर."

"एवढा?" ती पुन्हा पडद्याकडे बघून म्हणाली. "उघडा जरा."

मी तिथेच गाठ सोडली. मागे रांग लागली. कुणी चिडेल म्हणून मी घाबरले होते, तर एक टक्कल पडलेला गृहस्थ पुढे वाकून ओरडला, "अरे, ऐसा हमारे घर में था!" आणि त्याने कॉम्प्युटरसोबत स्वतःचा फोटो काढून घेतला. मग आणखी एकाने काढला. पहाऱ्यावरची मुलगी म्हणाली, "चला ना आता, गर्दी करू नका," आणि सगळे पांगल्यावर हळूच तिनेही एक काढला. आमच्याकडे या कॉम्प्युटरकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला जरा बरंच वाटलं.

अंधेरीचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली, पण आत थंडगार. काउंटरवर सायली नावाची मुलगी होती. तिने गोधडीतून डोकावणारा कोपरा पाहिला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले.

"काकू! हे तर विंटेज आहे!"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे जुनं. पण झकास जुनं."

"आणि नुसतं जुनं असेल तर?"

"ते भंगार."

"मग हे कशावरून ठरतं?"

तिने थोडा विचार केला. "कोण घ्यायला आलंय त्यावरून, काकू. भंगारवाला आला तर भंगार. तुम्हाला काही विचारू? हा देणार का?"

मी तिला सांगितलं, द्यायला नाही, चालू करायला आणला आहे. तिचा चेहरा पडला. असा बोर्ड तिच्याकडे नव्हता. कुठल्याच दुकानात नसेल, म्हणाली. मी गाठ बांधायला लागले. तिला माझी दया आली असावी, कारण ती काउंटरच्या बाहेर येऊन गाठ बांधू लागली आणि म्हणाली, "हे बघा, असले सगळे वेडे रविवारी मुलुंडला जमतात. एका सोसायटीच्या हॉलमध्ये. रेट्रोवाले. त्यांच्याकडे असेल तर असेल. नसेल तर वाट लागली समजा."

समोर एक कॉफीचं दुकान होतं. उन्हातून आले होते म्हणून टेकले. आत भिंतभर जुने कीबोर्ड लावलेले, आणि एका रिकाम्या मॉनिटरच्या खोक्यात मनीप्लांट. पोराने कॉफी आणली आणि माझ्यासमोर एका फ्लॉपीवर ठेवली. फ्लॉपी म्हणजे ती काळी चौकोनी चकती, जिच्यात आम्ही पत्रिका साठवायचो. आम्ही तिला उन्हात ठेवत नसू, लोहचुंबकाजवळ नेत नसू, ओल्या हाताने धरत नसू. मी झटकन कप उचलला, फ्लॉपी पदराने पुसली आणि पर्समध्ये ठेवणार, तेवढ्यात पोरगा म्हणाला, "मॅडम, वो कोस्टर है."

परत दिली. पण कप तिच्यावर ठेवला नाही. कॉफी हातात धरूनच प्यायले, बोटं भाजली.

मुलुंड

रविवारी विजू बरोबर आला. कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन तो पूर्ण रस्ताभर कुरकुरत होता, पण मला हात लावू देत नव्हता. सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग, आणि दारावर ठळक अक्षरांत एक कागद चिकटवलेला: चपला बाहेर काढाव्यात. फुंकर मारू नये.

"फुंकर कशाक?" विजूने विचारलं. मलाही कळलं नाही.

आत शिरलो आणि क्षणभर वाटलं, बालवाडीत आलो. जमिनीवर सतरंज्या, त्यांच्यावर पाठीमागे फुगलेले जुने टीव्ही, आणि प्रत्येकापुढे मांडी घालून बसलेली पन्नाशीकडे झुकलेली माणसं. हातात व्हिडिओगेमची रिमोटं. कुणी मशरूम खात उड्या मारतंय, कुणी विटा फोडतंय. एक सलवार-कमीजमधल्या बाई रणगाड्यांच्या खेळात आपल्या नवऱ्याला धोपटत होत्या. "मर! मर ना! लग्नाआधी जिंकू दिलं ते दिलं!"

खेळ मध्येच अडकला. नवऱ्याने यंत्रातून प्लॅस्टिकची कॅसेट उपसली, तोंडाजवळ नेली आणि गाल फुगवले. एवढ्यात हॉलच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला, "जोशी! खबरदार!"

तो आवाज मिलिंद कांबळे यांचा. पोस्टात अधिकारी आहेत, मूळचे जालन्याकडचे, आणि या मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांनी मला फुंकरीचा उलगडा केला. लहानपणी सगळ्यांच्या घरी हे खेळ होते. चालेनासा झाला की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. की चालायचा. अख्ख्या देशाने तसंच केलं, कुणी कुणाला शिकवलं नाही. "पण फुंकरीत थुंकी असते, ताई. आतलं पितळ गंजतं. चालतो तो परत नीट बसवल्यामुळे. फुंकरीने काहीही होत नाही. काही म्हणजे काहीच नाही." ते इतक्या कळवळ्याने बोलत होते की मी उगाचच तोंड मिटून घेतलं.

चहा आला, साबुदाण्याचे वडे आले, आणि वाद सुरू झाला. तो दर रविवारी होतो म्हणे. रेट्रो कशाला म्हणायचं? एक जण म्हणाला, जे आता बनत नाही ते. जोशी म्हणाले, "ज्याच्यावर आपण लहान होतो ते." जोशीबाई म्हणाल्या, मग तुझी आई रेट्रो. आमच्याकडे असले वाद देवळाच्या पारावर होतात आणि त्यांत जमिनीची हद्द असते. इथे हद्द वर्षांची होती, पण आवाज तेवढाच.

शेवटी मिलिंदनी कप खाली ठेवला. "माझा नियम सोपा आहे. ज्याच्यावर कुणाचं काम अडलेलं नाही, ते रेट्रो. अडलेलं असेल, तर ते नुसतं जुनं यंत्र. त्याला लेबल नाही, कौतुक नाही. त्याने काम करायचं."

"मग माझो रेट्रो नाय," मी विजूला म्हटलं. मला त्याचा अभिमानच वाटला.

आणि तेव्हाच मला तो दिसला. भिंतीकडच्या टेबलावर, झालरीच्या कापडावर. माझाच. म्हणजे माझ्यासारखाच, तीच बटणं, तेच कंगोरे, फक्त दुधासारखा पांढरा. वर सुबक अक्षरांत लेबल. मी गोधडी सोडून माझा शेजारी ठेवला. हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले. मी मिलिंदना सगळं सांगितलं: गणपती, सावंत, माड, वाळवी. आणि विचारलं, यातला बोर्ड मला मिळेल का.

"नाही," ते म्हणाले.

एवढं साधं 'नाही' मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. मग त्यांनीच कारण सांगितलं. घाटकोपरला एक कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत जायचं, कारण आत कॉम्प्युटर होता. मिलिंद वडिलांबरोबर तिथे गेले आणि या यंत्रावर त्यांनी एका बोटाने स्वतःचं नाव लिहिलं. ते पडद्यावर आलं तेव्हा वडील म्हणाले होते, "अजून एकदा लिही." क्लास बंद झाला तेव्हा मिलिंदनी हे यंत्र मागून आणलं. "ह्याला मी स्क्रू ड्रायव्हर लावलेला नाही, ताई. लावणार नाही."

मी गोधडी उचलली. जोशीबाई म्हणाल्या, "मिलिंद, नियम तुझाच. काम अडलंय."

"काम त्यांच्या यंत्रावर अडलंय. माझ्या नाही."

ते चहाचे कप गोळा करायला लागले. दोन कप उचलले, तिथेच उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती वाकला होता म्हणालात माड?"

मी हात वाकवून दाखवला. "मग 'अजून वाकवा' म्हणाले सावंत. मग एवढा."

त्यांनी कप ठेवले आणि कपाटातून स्क्रू ड्रायव्हर काढला. बोर्ड काढायचा नव्हता. माझ्या कॉम्प्युटरातली साठवणीची पेटी, हार्डडिस्क, काढून त्यांच्या यंत्रात बसवायची, म्हणजे त्यांचं यंत्र माझं होऊन बोलेल, एवढंच. पहिला स्क्रू फिरवण्याआधी त्यांनी दोनदा हात सदऱ्याला पुसले आणि कुणीही थट्टा केली नाही. यंत्र सुरू झालं. पडदा उजळला आणि माझी सगळी नावं ओळीने आली: राणे, परब, तावडे, सावंत. टाळ्या पडल्या. मी सॉफ्टवेअर उघडायला गेले. मराठी अक्षरांत पाटी आली: लॉक लावा.

मी पर्स उघडली. पर्स उलटी केली. मग मला आठवलं आणि मी खाली सतरंजीवर बसले.

"काय झालं?" मिलिंद.

"तो घरी राहिला. देव्हाऱ्यात."

"कुठे?"

काय सांगणार? महाग वस्तू, पोराबाळांच्या हाताला लागू नये, म्हणून पहिल्या दिवसापासून मी तो रोज संध्याकाळी काढून देव्हाऱ्यात ठेवते. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होते. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तो तिथेच होता, आणि निघताना मी गोधडी घेतली, वायरी घेतल्या, देवाला नमस्कार केला आणि आले. नमस्कार त्यालाच केला होता.

हॉलमध्ये एवढं हसणं झालं की टीव्हीतल्या रणगाड्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. मी यजमानांना फोन लावला.

"अहो, देव्हाऱ्यातलो तो निळो लॉक आजच्या गाडयेक घाला."

"तो होय! त्येका मी रोज गंध लावतंय. देवाचो नाय तो?"

"नाय. कॉम्प्युटराचो."

"माका आधी सांगूचा नाय?" ते चिडले. "इतक्या वर्षांचा पुण्य माझा फुकट."

मुंबईकरांना कुरिअर लागतं, आम्हाला ड्रायव्हर लागतो. कोकणातून निघणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती काहीही द्यावं, मोदक, औषध, म्हाताऱ्या आईचा चष्मा, ते सकाळी मुंबईत पोचतं. तसा लॉक निघाला.

पुन्हा मुलुंड

सोमवारी सकाळी विजूने भांडुपला गाडी गाठली आणि पिशवी घेऊन आम्ही मिलिंदच्या घरी गेलो. त्यांनी रजा टाकली होती आणि दोन्ही यंत्रं रात्रीच हॉलमधून घरी आणली होती. घर दोन खोल्यांचं, आणि त्यातल्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत यंत्रं. त्यांच्या बायको वैशालीताईंनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा केला होता. आम्ही भातमासे खाणारी माणसं, पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसरी भाकरी मी मागून घेतली. लॉकबरोबर यजमानांनी कुळथाची पिठी पाठवली होती, ती मी त्यांना दिली. वैशालीताईंनी वास घेतला. "अगं बाई, हे तर हुलगे!" आम्ही कुळीथ म्हणतो, त्या हुलगे म्हणतात. आमच्याकडे पिठी, त्यांच्याकडे शेंगोळे. दोघींनी एकमेकींना कृती सांगितली आणि दोघींना दुसरीची चुकीची वाटली.

लॉक एका चुरगळलेल्या जास्वंदीसकट पिठीच्या पिशवीत होता. बाहेर काढला, तर खोचायच्या टोकात कुंकू, गंध आणि चिमूटभर पिठी, घट्ट बसलेलं. मिलिंदनी कपाळाला हात लावला. मग कापूस आणला, स्पिरिट आणलं, जुना ब्रश आणला. टोकातली एकेक टाचणीसारखी पिन घासली. खोचला. लॉक लावा. पुन्हा काढला, भिंगातून पाहिला, पुन्हा घासला. खोचला. लॉक लावा. वैशालीताई ओट्याशी थांबून बघत होत्या. मी मनातल्या मनात प्राचीला काय सांगायचं ते जुळवायला लागले होते. बाबांचा माड गेला गं. जुळत नव्हतं.

मिलिंदनी तिसऱ्यांदा लॉक उपसला. उजेडाकडे धरला. आणि तोंडाजवळ नेऊन, गाल फुगवून, फू केलं. जोरात. कुंकवाचा बारीक धुरळा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला.

त्यांनी लॉक खोचला. सॉफ्टवेअर उघडलं.

"मारली ना फुंकर!" वैशालीताई ओट्यावरून.

"कुंकू कोरडं असतं," मिलिंद पडद्याकडेच बघत म्हणाले. "त्याला चालते."

मी सावंतांची पत्रिका उघडली. गणपती होता. पाठीमागे माड होता, डाव्या अंगाला वाकलेला, आणि मग अजून थोडा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. प्राचीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "काकी, हलवा नको. असोच धरा." विजू खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मिलिंद नावांची यादी खाली सरकवत होते. मध्येच थांबले. "हे पिंपळपान?"

मी सांगितलं, आमच्याकडे बौद्ध घरंही आहेत, त्यांच्या पत्रिका मीच करते. गणपती नाही, पिंपळाचं पान. पद्धत तीच. एका घराला एक, दुसऱ्याला देत नाही. तांबे मंडळींच्या पानात त्यांची शिलाई मशीन आहे, जाधवांच्या पानात नदी. त्यांनी एकेक पान उघडलं. प्रत्येकापुढे थांबत होते. शेवटचं बघून झाल्यावर त्यांनी हार्डडिस्कची एक नक्कल करून स्वतःच्या कपाटात ठेवली. "इकडेही राहू दे. तुमच्या देव्हाऱ्यावर माझा विश्वास नाही."

मग उठले, आणि आपल्या पांढऱ्या यंत्रावरचं लेबल नखाने सोलून काढायला लागले.

"हे काय करताय?"

"नियम आहे. ह्याच्यावर आता तुमचं काम अडलेलं आहे. हे रेट्रो नाही." लेबल फाटू नये म्हणून ते अगदी सावकाश सोलत होते. "घेऊन जा, ताई."

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. त्यांचं नाव पहिल्यांदा उमटलेलं यंत्र मी कसं नेऊ? ते म्हणाले, "नाव मी त्याच्यावर कधीच साठवलं नव्हतं. साठवायला शिकवलंच नव्हतं तोवर." आणि ते लेबल त्यांनी माझ्या पिवळ्या, मेलेल्या कॉम्प्युटरवर चिकटवलं, हाताने दाबून दाबून.

मग मी खुर्ची ओढली आणि माऊस धरला. एक पिंपळपान काढलं. देठ जरा लांब, वायरीसारखा वळलेला, आणि टोकाशी एक छोटंसं बोट, कळ दाबणारं. नवीन नाव घालून साठवलं: कांबळे, मुलुंड. मिलिंदची मुलगी शाळेतून येऊन दप्तरासकट बघत उभी होती. "हे माझ्या लग्नासाठी? मी लग्न नाही करणार हां."

"नको करू," मी म्हटलं. "काढून ठेवलंय."

मिलिंद सदऱ्यावरचं कुंकू झटकत राहिले, ते काही निघत नव्हतं.

घरी

परतीला पांढरा कॉम्प्युटर त्याच गोधडीत आला. सावंतांची पत्रिका छापली, पहिली प्राचीने वडिलांच्या फोटोपुढे ठेवली, एक मी मुलुंडला धाडली. लॉक यजमानांनी पुन्हा देव्हाऱ्यातच ठेवला. गंध मात्र आता लावत नाहीत, लांबूनच फूल दाखवतात.

परवा मिलिंदनी एक फोटो पाठवला. हॉलच्या दारावर तोच कागद आहे: चपला बाहेर काढाव्यात. फुंकर मारू नये. त्याच्याखाली आता पेनाने एक ओळ वाढली आहे. अक्षर त्यांचंच, लेबलावरचं, सुबक.

कुंकू अडकले असल्यास मारावी.